काकडीचे कप : पाहुणे यायच्या आधी पटकन होणारं स्टार्टर

पार्टीला तळणीच्या डिशा असतातच, पण एक तरी गार आणि हलकं काहीतरी ठेवा, लोक आधी त्यालाच हात लावतात. मी काकडीचे कप करते. काकडी कोवळी, सरळ आणि बेताच्या जाडीची घ्यायची, बिया फार असतील तर नको. आधी टोक चाखून बघा, कडू निघाली तर सगळं वाया. सालं एक पट्टी सोडून एक काढली की हिरवे-पांढरे पट्टे छान दिसतात. दीड इंचाचे तुकडे करून छोट्या चमच्याने मधला गर काढा पण तळ फोडू नका, मग आतून चिमूटभर मीठ लावून १० मिनिटं उपडे ठेवा आणि नंतर टिपून घ्या, कारण मीठ पाणी ओढून काढतं, हे नाही केलं तर भरल्यावर सगळं पाणीपाणी होतं.

सारणाला पाव किलो दह्याचा चक्का, दोन क्यूब किसलेलं चीज, मिरपूड, थोडी बारीक चिरलेली कोथिंबीर. चीज खारट असतं म्हणून वरून मीठ नकोच. अक्रोड मंद आचेवर ५-६ मिनिटं भाजा, गार करून जाडसर कुटा, अर्धे सारणात आणि अर्धे अगदी देताना वरून, म्हणजे कुरकुरीत राहतात. अक्रोड नसतील तर भाजलेले काजू पण चालतात, पण अक्रोडाचा तो किंचित तुरटपणा चीजबरोबर जास्त खुलतो. वर डाळिंबाचे दोन दाणे ठेवा. कप आणि सारण वेगवेगळं फ्रिजमध्ये ठेवून द्या आणि पाहुणे बसले की मगच भरा.