मळ्यातलं कलादालन विकताना

यावलकडचं आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर डागडुजी करून उभं केलं, त्यात चित्रं-मूर्तींचं छोटं कलादालन मांडलं. आता विकायला काढलंय. तुम्हीही असं काही विकणार असाल तर आधी सातबारा काढा, सागवानी खांबांचे फोटो मागाहून. जमीन शेतीची असेल आणि घेणारा शेतकरी नसेल, तर १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पुण्या-मुंबईचे हौशी लोक इथेच गळतात, म्हणून हे फोनवरच विचारून घ्या.

संग्रहाची किंमत घरात मिसळू नका. वस्तूनिहाय यादी करा: फोटो, माप, कुठून आली, पावती. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. पुरावस्तू म्हणून नोंदणी झालेली वस्तू दुसऱ्याच्या मालकीची झाली की नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. खासगी माणसाला ती परदेशी नेता येत नाही, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

एजंट म्हणतो, घर दिवाळीनंतर दाखवा. मी म्हणतो, मे महिन्यात, भर दुपारी! बाहेर जळगावचं ऊन, आत जाड भिंतींचा गारवा. फार बोलावंच लागत नाही. मात्र धाबं गळतं का हे पाहायला गिऱ्हाइकाला श्रावणात पुन्हा बोलवा. वर खारी माती शेवटची कधी टाकली, तेही सांगा.

घरात कलादालन कसं चालतं, असं कुणी विचारलं तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं संग्रहालय झालेलं घर पाहायला पाठवा. इसार घेताना वस्तूंच्या यादीवर दोघांच्या सह्या हव्यातच.