क्यूबाचा लाल खांद्याचा ब्लॅकबर्ड बघायला जाताय? या चुका टाळा

परमिट काढलं, गाईड घेतला, पहाटे उठून झापाताच्या दलदलीत गेलो, आणि तरी पक्षी हुकला, हे खूप जणांचं होतं. कारण डोक्यात एकच चित्र पक्कं असतं, काळा पक्षी आणि खांद्यावर लालभडक पट्टा. अहो, ते फक्त नराचं चित्र आहे! मादी चोचीपासून शेपटीपर्यंत नुसती काळी, लाल औषधालाही नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांची इथं हमखास फसगत होते, तिकडच्या रेड-विंग्ड ब्लॅकबर्डची मादी तपकिरी रेघारेघांची असते ना, तशीच इथं शोधत बसलात तर सकाळ वाया गेली म्हणून समजा. पूर्वी या दोघांना एकच जात धरायचे, आता हा वेगळा धरतात आणि तो फक्त क्यूबातच सापडतो.

नराचं लाल पण दर वेळी दिसत नाही. निवांत बसला की वरची पिसं त्यावर येतात आणि पट्टा झाकून जातो, मग आपण "दुसराच काहीतरी असेल" म्हणून पुढे सरकतो. सरकू नका, पाच मिनिटं थांबा. पाणकणसाच्या टोकावर बसून गायला लागला की अंग फुगवतो, पंख जरासे सुटतात आणि ते लाल एकदम उमलतं, खाली पिवळसर कड. आणि शेजारच्या काळ्या पक्ष्याकडे पण बघा, तोही गायला लागला तर ती बहुतेक मादी, यांच्यात दोघं मिळून गातात. मला तर पट्ट्यापेक्षा हीच खूण जास्त भरवशाची वाटते.

गाईडला नुसतं "मायितो दाखव" म्हणू नका, मायितो म्हणजे टॉनी-शोल्डर्ड ब्लॅकबर्ड, गावात, बागेत सहज दिसणारा, त्याचा पट्टा तांबूस-पिवळट आणि नर-मादी दोघांनाही असतो. आपल्याला हवाय तो "मायितो दे सिएनागा", म्हणजे दलदलीतला. तोती हा आणखी एक काळा पक्षी, आकाराने मोठा आणि पट्टा नाहीच. पिवळ्या डोळ्याचा लांब शेपटीवाला दिसला तर तो ग्रॅकल, तोही वेगळाच. विणीचा हंगाम सोडून हे सगळे एकाच थव्यात चरताना पण दिसतात, तेव्हा एक ओळखला म्हणून अख्ख्या थव्याला तेच नाव देऊ नका.

फोटो काढताना मागे आकाश असेल तर एक्सपोजर थोडं वाढवा, नाहीतर घरी येऊन झूम केल्यावर नुसता काळा ठिपका दिसतो आणि पट्टा लाल होता की तांबूस तेच कळत नाही.