गिटारच्या बॉडीला रंग देताना: घरी बनवलेल्या होल्डरच्या या चुका टाळा

शेपटाकडच्या कडेला साचलेला थेंब, नेक पॉकेटच्या (गिटारचा दांडा, म्हणजे नेक, बसतो त्या खाचेच्या) काठावरून उडालेला रंगाचा टवका, हॉर्नच्या (बॉडीच्या पुढे आलेल्या शिंगाच्या) आतल्या वळणावर दिसणारं कच्चं लाकूड. असं काही झालं की दोष रंगाला, थिनरला किंवा गनच्या नोझलला दिला जातो. बऱ्याचदा ही दुखणी बॉडी ज्याने धरली होती, त्या लाकडाच्या तुकड्यातून किंवा तारेतून सुरू झालेली असतात. होल्डर बनवायला फार तर तासभर लागतो. तो तास वाचवला तर नंतर चार-पाच हात घासून काढावे लागतात.

इथली मापं स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर पद्धतीच्या, म्हणजे स्क्रूने नेक बसणाऱ्या सॉलिड बॉडीची आहेत. बॉडीची जाडी साधारण ४५ मिमी, नेक पॉकेटची रुंदी ५६ मिमी, लांबी ७६ मिमी आणि खोली १६ मिमी. वजन लाकडाप्रमाणे दोन ते अडीच किलो. तुमच्या बॉडीची मापं कॅलिपरने घेऊन मगच रीप कापा, कारण स्वस्त बॉडींमध्ये दोन-तीन मिमीचा फरक सर्रास असतो.

सगळ्या होल्डरना एकच नियम लागू आहे. पकड तिथेच घ्यायची, जिथे नंतर नेक, नेक प्लेट (मागे नेकच्या स्क्रूंखाली बसणारी धातूची पट्टी), पिकगार्ड (दर्शनी बाजूवरचं पातळ झाकण) किंवा पट्टा अडकवायचं बटण बसून ती जागा झाकली जाणार आहे. लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात १९५० च्या दशकात बॉडीच्या दर्शनी बाजूवर खिळे ठोकत. बॉडी उलटी केली की ती त्या खिळ्यांवर उभी राहून वाळायची आणि खिळ्यांची भोकं पुढे पिकगार्डखाली जायची. १९६० च्या दशकात नेक पॉकेटमध्ये काठी बसवण्याची पद्धत आली आणि तिच्या आकाराचा बिनरंगी पट्टा पॉकेटच्या तळाशी राहू लागला. आज जुनी गिटार अस्सल आहे का, हे तपासणारे जाणकार ही भोकं आणि तो पट्टा आवर्जून बघतात.

पॉकेटभर रुंद रीप

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. पॉकेट ५६ मिमी म्हणून रीपही ५५ मिमीची घट्ट बसवली, की रीप आणि पॉकेटची भिंत यांच्या फटीवर रंगाचा पूल तयार होतो. सीलर (लाकडावरचा पहिला हात), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक हात) मिळून तो चांगला जाड होतो. रीप ओढून काढली की तो पूल तुटताना पॉकेटच्या काठाचा रंगही सोबत नेतो, आणि हा काठ नेकच्या अगदी शेजारी, नजरेत भरणाऱ्या जागी असतो.

उलट टोकाची चूकही होते. हाताशी असलेली ४० मिमीची रीप लोक घेतात. पॉकेटमधल्या स्क्रूच्या भोकांत आडवं अंतर ३८ मिमी असतं. म्हणजे ४० मिमीच्या रीपमध्ये स्क्रू कडेपासून जेमतेम १ मिमीवर येतो आणि पहिल्याच आवळण्यात रीप फाटते. कधी कधी ती लगेच फाटत नाही, दुसऱ्या हाताच्या वेळी फाटते आणि बॉडी जमिनीवर येते.

बरोबर माप ५० मिमी रुंद, २० मिमी जाड. दोन्ही बाजूंना ३ मिमी फट राहते आणि स्क्रूला कडेपासून ६ मिमी लाकूड मिळतं. पॉकेटमध्ये जाणारा भाग ७० मिमी लांब ठेवा, म्हणजे आतल्या टोकालाही ६ मिमी मोकळे राहतात. बाहेर ३० सेंमी पुरे. सागवान किंवा कुठलंही सरळ रेषांचं, गाठ नसलेलं लाकूड चालतं. प्लायची पट्टी नको, कारण बारीक रुंदीत स्क्रूभोवती तिचे थर सुटतात.

पॉकेटच्या तोंडापासून पुढे मात्र रीप ३५ मिमीपर्यंत निमुळती करा आणि खालची कड पटाशीने तिरपी तासा. हे काम बहुतेक जण टाळतात. पूर्ण रुंदीची रीप दोन हॉर्नच्या मधून बाहेर येते तेव्हा गनचा फवारा आतल्या वळणांपर्यंत सरळ पोचत नाही. नेकच्या टाचेखालची, साधारण २९ मिमी उंचीची जी उभी कड आहे, तीही रीपच्या सावलीत राहते. मग तिथे रंग पातळ बसतो आणि सँडिंग करताना सगळ्यात आधी तिथलंच लाकूड उघडं पडतं.

स्क्रू कुठून आणि किती

बॉडीतली भोकं सैल असतात, स्क्रूचे आटे नेकच्या लाकडात धरतात. म्हणून रीपमधून बॉडीत स्क्रू मारून भागत नाही आणि जाड स्क्रू घुसवला तर ती भोकं कायमची बिघडतात. स्क्रू नेहमीसारखा मागच्या बाजूनेच घाला. नेकचे ८ नंबरचे, ४५ मिमी लांबीचे स्क्रूच वापरता येतात. बॉडीचे २९ मिमी आणि वॉशरचा एक मिमी गेला की रीपमध्ये १५ मिमी शिरतात, म्हणजे २० मिमीची रीप आरपार होत नाही. रीपमध्ये आधी ३ मिमीचं भोक पाडा.

दोन स्क्रूवर बॉडी लटकते खरी, पण रीप किंचित कुरकुरते आणि फिरवताना हलते. चारही लावा.

नेक प्लेटच वॉशर म्हणून लावणं ही मोहात पाडणारी चूक आहे. प्लेट ५१ × ६४ मिमीची असते आणि तिच्या चारही कडांना रंग चिकटून पायरी तयार होते. नंतर प्लेट केसभर जरी सरकून बसली तरी ती पायरी बाहेर डोकावते. त्यापेक्षा १० मिमीचे छोटे वॉशर लावा, त्यांच्या खुणा प्लेटखाली लपतात. तुमच्या बॉडीला प्लेट नसेल आणि स्क्रूभोवती नुसते गोल फेरुल (धातूच्या छोट्या वाट्या) बसणार असतील, तर वॉशर फेरुलपेक्षा लहानच हवा.

नवीन स्क्रू, बोल्ट आणि वॉशर यांना दुकानातून येतानाच तेल लागलेलं असतं. थिनरच्या फडक्याने पुसल्याशिवाय ते बॉडीजवळ नेऊ नका.

पॉकेट उघडं ठेवून फवारणं

भिंतींवर दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिमी फिनिश बसली की ५६ मिमीचं पॉकेट साडेपंचावन्न होतं. नेक जबरदस्तीने दाबला की काठाचा रंग तडकतो. रीप बसवण्याआधी पॉकेटचा तळ आणि भिंती मास्किंग टेपने झाका, टेपची कड काठाच्या एक मिमी आत ठेवा. तळावर रंग नको याचं आणखी एक कारण आहे. नेक त्या लाकडावर सपाट टेकायला हवा. रंगाचे उंचवटे राहिले तर नेकचा कोन बदलतो आणि तारांची उंची जमवताना ब्रिज पुरत नाही.

वर्तमानपत्राने मास्किंग करू नका. लॅकरच्या थिनरने शाई विरघळते आणि फिकट रंगावर डाग येतो.

तारेला लटकवणं

शेपटाकडच्या स्ट्रॅप बटणाच्या भोकात आकडा फिरवून बॉडी टांगणं सोपं वाटतं. पण लाकडाच्या रेषा बॉडीच्या लांबीत धावतात, म्हणजे ते भोक रेषांच्या टोकात आहे आणि तिथे स्क्रूची पकड सगळ्यात कमी असते. सरळ ओढ बसली की स्क्रू निसटू शकतो. सगळं वजन त्या एकट्या स्क्रूवर सोडू नका.

टांगायचंच असेल तर रीपच्या टोकाला, बरोबर मध्यरेषेवर ६ मिमीचं भोक पाडून ४ मिमीच्या जी. आय. तारेचा बंद कडीचा आकडा घाला. बाइंडिंग वायर नको, ती वजनाने हळूहळू उलगडते. सुतळीही नको, तिचे तंतू ओल्या क्लिअरमध्ये जाऊन बसतात. रंगापूर्वी बॉडीच्या जागी सहा-सात किलोची वस्तू टांगून बघा. रात्रभर काही हललं नाही तर आकडा भरवशाचा समजा.

टांगलेली बॉडी फवाऱ्याच्या दाबाने गरगर फिरते, आणि गन तिच्या मागे फिरली की पट्टे पडतात. उपाय अगदी साधा आहे. स्ट्रॅप बटणाच्या भोकात एक स्क्रू अर्धा बाहेर ठेवून बसवा आणि त्याला नायलॉनची दोरी बांधून खाली विटेला ताण द्या. बॉडी फिरवायची तेव्हा त्याच स्क्रूला धरून फिरवा.

टांगून फवारण्यात ओघळाचा धोका मात्र कायमच राहतो. रंग खाली सरकतो आणि शेपटाच्या कडेला थेंब धरतो. पातळ हातांच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरला हे चालून जातं. पीयू (पॉलीयुरेथेन) क्लिअरचा भरगच्च ओला हात द्यायचा असेल तर बॉडी आडवीच हवी.

आडवी फिरवायची घोडी

यावर थोडं जास्त लिहायला हवं, कारण घरी बनवता येण्यासारखं याहून चांगलं साधन नाही आणि चुकाही इथेच बारीक असतात.

६० सेंमी लांबीच्या फळीवर ५५ सेंमी अंतराने दोन उभ्या फळ्या ठोका. एकीवर रीप टेकते, दुसरीवर शेपटात बसवलेली पिन. पिनसाठी तुमच्या स्ट्रॅप बटणाच्या स्क्रूइतकाच जाड, ७५ मिमी लांब स्क्रू घ्या, २५ मिमी आत बसवा आणि डोकं हॅकसॉने कापा. जाड पिन घातली तर पुढे बटण सैल बसतं. इथे पिनवर फक्त आडवा भार येतो, साधारण एक किलोचा, आणि तो ती सहज पेलते.

टेकूची उंची पायथ्यापासून किमान ३० सेंमी ठेवा. बॉडी ३२-३३ सेंमी रुंद असते, म्हणजे उलटवताना १७ सेंमी तर नुसती फिरायलाच लागतात, उरलेली जागा गनसाठी.

नेहमीची चूक म्हणजे दोन्हीकडे व्ही आकाराची खाच करणं. रीप पॉकेटच्या तळावर बसते, त्यामुळे तिचा मध्य बॉडीच्या मध्याहून जवळपास १७ मिमी वर असतो. दर्शनी बाजू वर असताना वजन अक्षाच्या खाली राहतं आणि बॉडी स्थिर दिसते. ती पालथी केली की वजन अक्षाच्या वर जातं आणि हात सोडताच बॉडी स्वतःच उलटते, बहुधा ओला रंग हातावर घेऊनच. म्हणून रीपच्या बाजूला ३७ मिमी रुंदीची सपाट तळाची खाच करा. ३५ मिमीची चपटी रीप त्यात लोळत नाही. व्ही खाच फक्त पिनला. या फरकामुळे बॉडी दोन्ही स्थितींत किंचित तिरकी राहील, पण तो उतार दोन अंशांच्या आत असतो आणि त्याने रंग ओघळत नाही.

उलटवताना एक हात रीपवर, दुसरा पिनवर. पिनवर टेपचे दोन वेढे दिले तर बोटं घसरत नाहीत.

खिळ्यांची फळी

फिरत्या थाळीवर खिळे उलटे ठोकून त्यांवर बॉडी ठेवायची पद्धत अजून चालते. चार टोकं केली तर एक नेहमी अधांतरी राहतं आणि बॉडी डगमगते, तीनच करा. टोकं पिकगार्डखालच्या किंवा मागच्या झाकणाखालच्या जागेत येतील असं आधी कागदी साच्यावर आखा. मागची बाजू रंगवून त्याच दिवशी तिच्यावर बॉडी टेकवली, तर टोकं मऊ रंगात रुततात. लॅकर हाताला सुका लागला तरी आत कित्येक दिवस मऊ असतो.

टोकांना रबर किंवा फोम लावून हा प्रश्न सुटत नाही, वाढतो. रबर आणि कित्येक प्रकारचे फोम नायट्रोसेल्युलोज लॅकरशी रासायनिक क्रिया करतात आणि फिनिश तिथे चिकट होते किंवा विरघळते. हीच गोष्ट रंगवून झालेली गिटार स्टँडवर ठेवतानाही लक्षात ठेवा.

गोल खड्डे आणि कण

रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर आधी होल्डरकडे बघा. फिरती थाळी कुरकुरते म्हणून तिच्या बेअरिंगवर सिलिकॉनचा स्प्रे मारलेला असतो. त्याचा अंश हवेतून किंवा हाताने बॉडीवर आला की रंग तिथून मागे सरतो. असा स्प्रे रंगकामाच्या खोलीत आणूच नका. बेअरिंगला ग्राफाइटची भुकटी चालते.

कण मात्र वेगळ्या वाटेने येतात. रीपवर हातावर हात रंग साचतो, सुकतो आणि फिरवताना त्याच्या खपल्या उडतात. सुरुवातीलाच रीपला सीलर मारा आणि तिच्यावर टेप गुंडाळून दर दोन-तीन हातांनंतर ती बदला. कोकणात किंवा मुंबईत पावसाळी हवेत काम केलं तर लॅकर पांढुरका पडतोच, शिवाय सुकायला वेळ लागून धूळही जास्त धरतो. हवा कोरडी होईपर्यंत थांबणं परवडतं.

टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, पीयू फवारताना साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. त्यातल्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुफ्फुसांना कायमची इजा करू शकतं. बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मास्कची सोय नसेल तर तो हात रंगाच्या बूथमधून मारून घ्या. तुमची घोडी तिथेही नेता येते.

रीप काढण्याची घाई

मास्किंग टेप शेवटच्या हातानंतर तासाभरात, रंग अजून लवचिक असताना काढा. त्यासाठी रीप आणि काठ यांच्यामधल्या ३ मिमी फटीत नवीन कटर ब्लेड सरळ खाली फिरवा, मग टेप आतल्या बाजूला ओढा. बाहेर ओढली तर कड उचलली जाते. टेपचा जो भाग रीपखाली दबलाय तो राहू द्या, रीप निघेल तेव्हा तो सोबत येईल.

रीप स्वतः मात्र पूर्ण सुकेपर्यंत राहू द्या. लॅकरला तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर बॉडी टांगायला तीच हवी. स्क्रू सोडण्याआधी वॉशरच्या कडेनेही ब्लेड फिरवा, नाहीतर वॉशरसोबत रंगाची चकती निघते.

वॉटर पेपरने घासताना चारही भोकं, पिनचं भोक आणि ब्रिजची भोकं मेणाने बुजवा. उघड्या भोकातून पाणी लाकडात मुरलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती रंगाला बारीक चिरा जातात. त्या चिरा पॉलिशने जात नाहीत. पाण्याऐवजी व्हाइट स्पिरिट वापरलं तर लाकूड फुगत नाही, फक्त खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको.