गावातल्या संस्थेनं फाउंडेशनकडे अर्ज कसा करायचा

मागच्या महिन्यात तीन संस्थांचे फोन आले आणि तिघांचं म्हणणं एकच, ताई तुमच्या अर्जाचा नमुना पाठवा न, आम्ही नाव बदलून टाकून देतो. नमुना मी कोणालाच पाठवत नाही, राग मानू नका. आम्हीही पहिला अर्ज असाच दुसऱ्या संस्थेचा उतरवून दिला होता, त्यात महिला सक्षमीकरण, वृक्षारोपण, आरोग्य, सर्वांगीण विकास सगळं होतं, फक्त आमचं गाव नव्हतं. तो नामंजूर झाला आणि तेच बरोबर होतं.

आमचं काम म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात संध्याकाळचा वर्ग. दुसऱ्या वेळी आम्ही हजेरी रजिस्टर घेऊन बसलो. ऑगस्टमध्ये ३८ लेकरं, नोव्हेंबरमध्ये १७. काऊन? तर कापूस वेचणी सुरू झाली की आई सकाळीच वावरात जाते, मोठी पोरगी तिच्यासोबत जाते नाहीतर घरी लहान भावाला सांभाळते, आणि वर्ग पाच वाजता सुरू होतो तेव्हा आई परतलेलीच नसते. हे जसंच्या तसं लिहिलं, वर्ग साडेसहाला घेऊ, लहान भावंडांनाही बसू देऊ, खाऊ देऊ, असं मांडलं. त्यावर फाउंडेशनच्या, म्हणजे पैसा देणाऱ्या संस्थेच्या, माणसानं स्वतः फोन करून चार प्रश्न विचारले. म्हणून सांगते, अर्ज लिहायच्या आधी आपलं रजिस्टर उघडा, आणि रजिस्टर नसेल तर आधी दोन महिने ते भरा, मग अर्ज करा.

आता कागदपत्रं. इथं खूप संस्था अडकतात.

आपल्याकडे बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात, ती दोन्ही प्रमाणपत्रं लागतात. मग संस्थेचं पॅन, संस्थेच्याच नावाचं बँक खातं, संस्थेची घटना म्हणजे नियमावली, सहसा मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, आयकर खात्याची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला करसवलत) नोंदणी. ही नोंदणी २०२१ पासून कायमची राहिलेली नाही, तिला मुदत असते, तेव्हा तुमच्या कागदावर मुदत कधी संपते ते आजच बघून घ्या. दर्पण पोर्टलचा, म्हणजे नीती आयोगाच्या संस्था-नोंदणीच्या वेबसाइटचा, नंबरही बरेच जण मागतात. आणि पैसा जर कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे कंपनीनं कायद्यानं समाजकामावर करायच्या खर्चाचा असेल, तर सीएसआर-१ चा, म्हणजे कंपनी मंत्रालयाकडच्या नोंदणीचा नंबर लागतोच, एखाद्या कुटुंबाच्या ट्रस्टचा स्वतःचा पैसा असेल तर त्याची गरज नसते. म्हणून पैसा नेमका कुठला आहे हे पहिल्या फोनवरच विचारून घ्यायचं, त्यात लाजायचं काही नाही.

सगळ्यात जास्त त्रास आम्हाला फेरफार अर्जानं दिला. आमचे एक जुने विश्वस्त वारले, नवीन घेतले, ठरावही केला, पण धर्मादाय कार्यालयात हा फेरफार अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, टाकायचा राहून गेला. कायद्यानं तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत टाकायचा असतो. परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीच्या नकलेवर, वारलेल्या माणसाचं नाव, अर्जावर नवीन माणसाची सही, आणि फाउंडेशननं विचारलं की हे कोण. उत्तर देता आलं नाही, ते वर्ष हातचं गेलं. चूक आमची होती. तुम्ही आधी उतारा काढा, नावं जुळवा, मगच पुढं जा.

तसंच नावाचं स्पेलिंग. 'बहुउद्देशीय' हा शब्द इंग्रजीत पॅनवर एक, बँकेत दुसरा आणि दर्पणवर तिसरा असतो, आणि मग सगळी फाईल परत येते. एक दिवस बसून सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून बघा.

कोणाकडे अर्ज करायचा हेही डोकं लावून ठरवा. सीएसआरच्या कायद्यातच लिहिलंय की कंपनीनं आपण जिथं काम करतो त्या भागाला प्राधान्य द्यावं, म्हणजे चंद्रपूर-वणीकडच्या खाणी नि सिमेंट कारखाने, तुमच्या तालुक्यातली सूतगिरणी, जिनिंगवाल्यांचा कौटुंबिक ट्रस्ट, असे जवळचे आधी बघा. प्रत्येकाचा विषय ठरलेला असतो, कोणी पाण्यालाच देतं, कोणी शिक्षणालाच. पाण्याला देणाऱ्याकडे वर्गाचा अर्ज नेला तर दोघांचाही वेळ जातो.

बजेट. इथं लोक उगाच गोल आकडा लिहितात, दोन लाख, पाच लाख. आमचं असं होतं: दोन शिक्षिका, महिना ४,००० मानधन, सहा महिने म्हणजे ४८,०००. खाऊ, ३८ लेकरं, रोज ८ रुपये, १२० दिवस, ३६,४८० रुपये. वह्या-पेन प्रत्येकी २५० प्रमाणे ९,५००. लाईट जाते म्हणून चार्जिंगचे सहा दिवे, ६५० प्रमाणे ३,९००. ऑडिट आणि हिशेब ५,०००. एकूण १,०२,८८०. हा आकडा गोल करू नका, कारण वाचणारा गुणाकार करून बघतो आणि तो जुळला की त्याचा विश्वास बसतो. ग्रामपंचायतीनं समाजमंदिराची खोली फुकट दिली, गावातल्या बाया आळीपाळीनं खाऊ वाटायच्या, हेही बजेटखाली लिहिलं, गावाचा वाटा दिसला पाहिजे. ऑडिटची फी लपवू नका, तो खरा खर्च आहे.

आणि एक गोष्ट मी जीव तोडून सांगते. "मी फंड आणून देतो, माझे टक्के काढून ठेवा" म्हणणारे लोक प्रत्येक तालुक्यात फिरतात. त्यांना दारात उभं करू नका. तो पैसा लेकरांच्या खाऊतून जाईल, तुम्हाला खोटी बिलं लावावी लागतील आणि ऑडिटवर सही तुमच्या अध्यक्षाची असेल, त्या माणसाची नाही.

वेळेचं गणित आपल्या हंगामावरून लावा. वेचणी दसरा-दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, विश्वस्तांच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात, कोणी येऊन गाव बघतं, म्हणून आम्ही अर्ज मृगाच्या आधी देतो. अर्जासोबत कार्यकारिणीचा ठराव जोडायचा. हातानं दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायचीच. बघायला कोणी आलं तर हार-तुरे नकोत, वर्ग चालू असतानाच बोलवा, रजिस्टर त्यांच्या हातात द्या.

पैसे आले की त्याचं खातेवहीत वेगळं पान करा. मानधन रोख देऊ नका, खात्यात टाका. दिव्यांचे पैसे वाचले म्हणून खाऊवर टाकायचे असतील तर आधी लेखी विचारा, आम्ही विचारलं होतं, दोन दिवसांत हो आलं. शेवटी सीएकडून विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच लागला असा दाखला, आणि अहवाल, आणि अहवालात न जमलेलंही लिहा. आमच्या वर्गात जानेवारीत ३१ लेकरं होती, ३८ नाही, उरलेली सात आईबापासोबत ऊसतोडीला गेली होती. तेच लिहिलं, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जात त्या सात जणांच्या राहण्याची सोय मागितली.