फ्रीबीएसडीच्या नोंदींमधले पाथ बदलताय? या चुका टाळा

फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीवर गेलं की जुन्या नोंदींमधले (वापराच्या लेखी सूचनांमधले) पाथ, म्हणजे फायलींचे पत्ते, बदलायचं काम हटकून टीममधल्या सगळ्यात नवख्याच्या गळ्यात पडतं. 'नुसतं फाइंड-रिप्लेस तर आहे' असं वर सांगितलंही जातं. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सगळ्या फायलींवर एकदम सेड फिरवणं

सेड ही मजकूर शोधून बदलणारी कमांड. या चुकीचा मला मनस्वी कंटाळा आलाय. फ्रीबीएसडी 9 पर्यंत बाइंड हा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) सर्व्हर मूळ सिस्टिमबरोबरच यायचा आणि त्याचं कॉन्फिगरेशन /ईटीसी/नेमडीबी मध्ये असायचं. जानेवारी 2014 मध्ये 10.0 आली, बाइंड मूळ सिस्टिममधून गेला आणि पोर्ट्समधून (वेगळ्याने बसवायच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहातून) घ्यावा लागू लागला. पोर्ट्सचं सगळं /यूएसआर/लोकल खाली जातं. म्हणून नेमडीबीही /यूएसआर/लोकल/ईटीसी मध्ये गेली, सर्व्हर सुरू करणारी स्क्रिप्टही तिथल्याच आरसी.डी फोल्डरमध्ये गेली. पण तो सुरू करायचा की नाही हे जिथे लिहितो, ती आरसी.कॉन्फ फाइल जागची हलली नाही. ती /ईटीसी मध्येच.

आमच्यातल्या एका उत्साही पोराने जेवायला जायच्या आत उरकायचं म्हणून 'जिथे /ईटीसी, तिथे /यूएसआर/लोकल/ईटीसी' असा एकच सेड सगळ्या नोंदींवर फिरवला. कमिटवर लिहिलं, 'पाथ अपडेट केले'. पुढे दुसऱ्या सहकाऱ्याने तीच नोंद समोर ठेवून नवं मशीन उभं केलं. नेम्ड (बाइंडचा सर्व्हर प्रोग्रॅम) चालू करायची ओळ त्याने /यूएसआर/लोकल/ईटीसी/आरसी.कॉन्फ मध्ये जोडली. अशी फाइल नव्हतीच. शेलने (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) निमूटपणे नवी बनवून दिली. मग सर्व्हिस सुरू करायला गेला, तर नकार आला: ही ओळ /ईटीसी/आरसी.कॉन्फ मध्ये घाला, नाहीतर 'स्टार्ट'ऐवजी 'वनस्टार्ट' वापरा. बरोबर पाथ समोर पडद्यावर होता! भाऊंनी वाक्याचा दुसरा अर्धा भाग तेवढा वाचला, वनस्टार्ट (तेवढ्यापुरतं सुरू करणं) मारलं, डीएनएस चालू झालं आणि काम झालं म्हणून सगळे मोकळे.

एका रात्री वीज गेली, यूपीएसने मान टाकली. सकाळी मशीन आपोआप उठलं, नेम्ड मात्र उठलं नाही. ऑफिसभर 'नेट बंद आहे'ची ओरड. नेट ठणठणीत होतं, पण केबली हलवून आणि राऊटर बंद-चालू करून झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी लॉग बघत नाही.

माझी सवय सांगतो. आधी ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) नोंदींमधले सगळे पाथ काढायचे, सॉर्ट करून दुहेरी उडवायचे आणि यादी चक्क कागदावर छापायची. प्रत्येकापुढे पेनाने 'हलला' किंवा 'तिथेच' असं लिहायचं. शंका आली तर मॅन हायर (कुठल्या फोल्डरात काय असतं ते सांगणारं मदतीचं पान). कंटाळवाणं आहे, कबूल. मग फक्त हललेल्यांवर, एकेका पूर्ण पाथवर सेड, तेही बॅकअप ठेवून, आणि शेवटी डिफ (जुन्या-नव्यातला फरक) ओळ न ओळ वाचायचा. कारण नेमका पाथ दिला तरी फसगत होते. बाइंडची जुनी खरी जागा /व्हार/नेम्ड/ईटीसी/नेमडीबी होती; /ईटीसी/नेमडीबी हा तिच्याकडे नेणारा सिमलिंक, म्हणजे नुसता दुवा. तिच्या पोटातही '/ईटीसी/नेमडीबी' आहेच, त्यामुळे सेड तिचाही भलताच पाथ करून ठेवतो. तोच सेड चुकून दोनदा चालवलात तर 'लोकल/यूएसआर/लोकल' तयार होतं. तेवढं शेवटी एकदा शोधून बघा.

दोन्ही पाथ बरोबर असतात तेव्हा

पीकेजीच्या (पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या) नोंदीत वाक्य असतं: /ईटीसी/पीकेजी मधल्या फायलीला हात लावू नका, बदल /यूएसआर/लोकल/ईटीसी/पीकेजी/रेपोज मध्ये नवी फाइल करून लिहा. इथे 'जुना' पाथ बदलला की वाक्याचा अर्थच जातो. वाक्य न वाचता पाथ बदलू नये, एवढंच.

आपल्या लॅपटॉपवर चाललं म्हणून लिहिणं

नव्या लिनक्स वितरणांमध्ये /बिन हा /यूएसआर/बिनचा सिमलिंक असतो, म्हणून दोन्ही पाथ चालतात. त्या जोरावर कुणीतरी उदाहरणातल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतला शेलचा पाथ /बिन/एसएच 'आधुनिक' करून /यूएसआर/बिन/एसएच करतो. फ्रीबीएसडीवर ते नाही. स्क्रिप्ट समोर असते, परवानग्या बरोबर असतात, तरी शेल 'नॉट फाउंड' म्हणतो आणि वाचणारा बिचारा स्क्रिप्टच शोधत बसतो. बॅश या दुसऱ्या शेलचंही तेच: तो /यूएसआर/लोकल/बिन मध्ये असतो, /बिन मध्ये नाही.

किरकोळ, पण रोजच्या

लिनक्सच्या सवयीने सेडला नुसता आय (फाइल जागच्या जागी बदलायचा पर्याय) देऊ नका. इथे त्याच्यापुढे बॅकअप फाइलच्या नावाचं शेपूट द्यावं लागतं, नको असेल तर रिकामे अवतरण.

जुन्या रिलीज नोट्समधले पाथ बदलू नका. त्या आवृत्तीला तेच बरोबर होते.

स्क्रीनशॉटमधले पाथ ग्रेपला दिसत नाहीत. डोळे वापरा.

मॅन पानात (कमांडच्या मदतीच्या पानात) पाथला पीए मॅक्रो (पाथची खूण) लावा आणि वरच्या डीडी या ओळीतली तारीख बदला. मॅन पानं दाखवणाऱ्या मॅनडॉकचा लिंट (चुका शोधणारी तपासणी) मांडणी तपासतो. पाथ खरोखर आहे का, हे तो बघत नाही.

होम डिरेक्टरीबद्दल लिहिताना आवृत्ती सांगा. 14.0 पासून नव्या इन्स्टॉलला /होम, त्याआधी /यूएसआर/होम. अपग्रेड करून आलेल्या मशीनवर जुनंच राहतं, त्यामुळे तिथे दोन्ही ओळी लिहाव्या लागतात.