डीसी कॉन्टॅक्टर सारखा जळतोय? या चुका टाळा

‘मालच डुप्लिकेट आला हो’ हे ऐकून कान किटले आहेत. जळालेला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच, उघडून आत बघायला मात्र कुणाला वेळ नसतो.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे प्लस-मायनसची खूण न बघता वायर कसणे. कायमचुंबक असलेल्या डीसी कॉन्टॅक्टरमध्ये संपर्क सुटताना पेटलेला आर्क (सलग ठिणगी) चुंबकाच्या जोरावर बाजूला ढकलला जातो. ताणला जातो, आर्क शूटच्या, म्हणजे आर्क विझवणाऱ्या कप्प्याच्या, पट्ट्यांत शिरून त्याचे तुकडे पडतात आणि तो विझतो. करंटची दिशा उलटली की ढकलण्याचीही उलटते.

एका बॅटरी बँकेच्या पॅनेलमध्ये केबल उलट्या बाजूने ‘सरळ बसत होती’ म्हणून पोराने तशीच जोडली. लोडवर उघडताना नेहमीच्या ‘टप्प’ऐवजी लांबलचक ‘फस्स’ आलं. जळाला. मीही शहाणा, न बघता तसाच दुसरा बसवला, तोही गेला. मग उघडून पाहिलं, तर शूटच्या पट्ट्या कोऱ्या करकरीत आणि काजळी सगळी आतल्या, यंत्रणेच्या बाजूला. आर्क शूटकडे गेलाच नव्हता! तेव्हापासून जुना काढण्याआधी करंटच्या दिशेचा बाण मार्करने पॅनेलवरच काढतो. फोटोवर माझा भरवसा नाही, तो ऐन वेळी सापडत नाही. आणि बॅटरी चार्जही त्याच वाटेने होत असेल, तर दोन्ही दिशांना चालणाराच कॉन्टॅक्टर घ्या. इथे काटकसर नको.

कायमचुंबकाऐवजी ब्लोआउट कॉइल (आर्क ढकलणारी तारेची गुंडाळी) असलेल्यात ही भानगड नसते. कॉइल लोडच्या सिरीजमध्ये असते, त्यामुळे करंट उलटला की चुंबकक्षेत्रही उलटतं आणि जोर त्याच बाजूला राहतो. पण ‘लोड छोटा आहे, काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी ऐका: करंट निम्मा झाला की क्षेत्रही निम्मं, म्हणजे आर्कवरचा जोर साधारण पाव. मोठा करंट झटकन तुटतो आणि किरकोळ करंटचा आर्क तिथेच रेंगाळतो, लोडमध्येच मोटरसारखी कॉइल असेल तर जास्तच.

एसीचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) डीसीला लावू नका. ५० हर्ट्झला करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, आर्कला विझायची आयती संधी मिळते. डीसीत ती नाही.

शूट काढून ‘जरा चालवून बघू’ म्हणणाऱ्याच्या हातून मी स्क्रूड्रायव्हर काढून घेतो.

चांदीचे संपर्क काळे दिसले म्हणून कानस मारू नका. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस मात्र पुसा.