बोर्ड बूट होत नाही म्हणून लगेच कार्ड फ्लॅश करू नका (आणि बाकीच्या चुका)

"सर, बोर्ड बूट होत नाहीये, सहा वेळा फ्लॅश करून झालं." बोर्ड म्हणजे लिनक्स चालवणारा छोटा कॉम्प्युटर, बीगलबोन किंवा रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय') सारखा, आणि फ्लॅश म्हणजे कार्डावर सिस्टिमची इमेज नव्याने लिहिणं. हा फोन मला महिन्यातून तीन-चारदा तरी येतो, कधी कॉलेजच्या पोरांचा, कधी भोसरी-चाकणकडच्या एखाद्या छोट्या युनिटमधून. मी एकच विचारतो, सिरीयलवर (बूट होताना बोर्ड जे छापतो ते वायरीने लॅपटॉपवर दाखवणारी लाइन) शेवटची ओळ काय आली? पलीकडे शांतता. सिरीयल लावलेलीच नसते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर काळ्या मॉनिटरचा फोटो येतो, त्यावरून मी काय सांगणार?

बूट म्हणजे एक गोष्ट नाही हो. आधी चिपमधला रॉम कोड उठतो, तो छोटा लोडर उचलतो, तो मोठा लोडर म्हणजे बहुतेक ठिकाणी यू-बूट उचलतो, यू-बूट कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय हार्डवेअर आहे त्याची यादी) मेमरीत टाकतो, कर्नल रूट फाइलसिस्टिम (सिस्टिमच्या सगळ्या फाइल असतात ती जागा) माउंट करतो आणि मग इनिट, म्हणजे बाकी सगळं चालू करणारा पहिला प्रोग्राम, सुरू होतं. पालखी आळंदीहून निघाली आणि पंढरपूरला पोचली नाही तर आपण काय विचारू? कुठल्या मुक्कामापर्यंत आली होती, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे? जेजुरीला अडकलेली पालखी परत आळंदीला नेऊन पुन्हा काढायची म्हणजे फ्लॅशिंग. कधीकधी ती पुन्हा जेजुरीलाच अडकते आणि तुमची रात्र गेलेली असते.

चूक पहिली: न वाचता फ्लॅश करणं

याचा मला मनापासून त्रास होतो कारण फ्लॅश केल्यावर पुरावाच जातो. काय बिघडलं होतं ते कायमचं पुसलं जातं, आणि समजा चाललं तरी का चाललं ते कळत नाही, मग पंधरा दिवसांनी तोच प्रॉब्लेम परत.

एक प्रसंग सांगतो. फायनल इयरचा एक ग्रुप माझ्याकडे धायरीला बीगलबोन ब्लॅक घेऊन आला, सबमिशनला चार दिवस. कार्ड तीन वेळा बदललेलं, इमेज दोनदा नव्याने डाऊनलोड केलेली, ग्रुपमधली मुलगी रडायच्या बेताला आलेली. बोर्ड कॉलेजच्या लॅबमधला, त्याआधी कुठल्यातरी बॅचने वापरलेला. मी सिरीयल लावली, पॉवर दिली, आणि यू-बूटची पहिलीच ओळ आली. त्या ओळीत यू-बूटचं व्हर्जन आणि तो कधी बिल्ड केला ती तारीख असते, ती कोणीच वाचत नाही. तारीख कितीतरी वर्षं जुनी! यांनी कार्डावर टाकलेली इमेज नवी कोरी. म्हणजे कार्डावरचा यू-बूट चालतच नव्हता. बीगलबोन ब्लॅकवर ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच पक्की बसवलेली मेमरी, असते, आणि बटण न दाबता पॉवर दिली की रॉम आधी ईएमएमसीतला लोडर उचलतो. तो जुना यू-बूट कार्डावर कर्नल शोधत होता जुन्या जागी, नव्या इमेजमध्ये तो तिथे नव्हताच, आणि ईएमएमसीतली स्वतःची फाइलसिस्टिम आधीच्या बॅचने अर्धवट उडवलेली. कार्ड शंभर वेळा फ्लॅश केलं असतं तरी हेच झालं असतं.

उपाय दहा सेकंदांचा. सप्लाय काढा, कार्ड स्लॉटजवळचं एस-टू बटण दाबून धरा, धरूनच सप्लाय द्या, मग सोडा. रिसेट दाबून उपयोग नाही, कारण बूट कुठून करायचं हे पॉवर येताना ठरतं. कार्डावरून बूट झाल्यावर आम्ही ईएमएमसीची सुरुवातीची काही एमबी शून्यांनी भरून टाकली म्हणजे पुढे बटणाची गरजच नाही. इथे जपून, कुठली मेमरी कार्डाची आणि कुठली ईएमएमसीची ते एलएसबीएलके कमांडमध्ये बघा, जिच्या नावापुढे बूट-झिरो बूट-वन असे छोटे भाग दिसतात ती ईएमएमसी. घाईत उलटं केलं तर चालू कार्डच उडेल.

त्या मुलीने नंतर विचारलं, "दादा, हे आम्हाला कसं कळणार होतं?" मी म्हटलं, तारीख स्क्रीनवर होती, फक्त स्क्रीन जोडलेली नव्हती.

सिरीयल लावताना

बोर्डाची सिरीयल लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारा यूएसबी-टीटीएलचा तुकडा पुण्यात तापकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास सहज मिळतो, दोन-तीनशेच्या घरात. घेताना ३.३ व्होल्टवर चालतो का विचारा. ५ व्होल्ट सिग्नल पायच्या पिनवर दिला तर बूटचा प्रश्न कायमचा मिटेल कारण चिप गेलेली असेल.

तीनच वायरी: ग्राउंड, आणि टीएक्स (पाठवणारी)-आरएक्स (घेणारी) उलट, म्हणजे एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला. लाल, म्हणजे सप्लायची वायर जोडायची नाही, म्हणजे नाहीच. आणि एक गोष्ट जी मला शिकायला फार वेळ लागला: लाल वायर नसली तरी अ‍ॅडॉप्टरच्या टीएक्स लाइनमधून थोडा करंट चिपमध्ये घुसतो, मग तुम्ही बोर्डाचा सप्लाय काढून परत लावता तेव्हा चिप पूर्ण बंद झालेलीच नसते आणि ती विचित्र अवस्थेत उठते. सिरीयल काढली की बूट होतो, लावली की नाही, असं दिसलं तर हेच. पॉवर देऊन मग सिरीयलची वायर लावून बघा.

कचरा अक्षरं येत असतील तर बॉड रेट (सिरीयलचा वेग) चुकलाय. बहुतेक ठिकाणी ११५२००, पण रॉकचिप प्रोसेसरच्या बऱ्याच बोर्डांवर १५०००००, आणि अ‍ॅडॉप्टरमधली साधी सीपी२१०२ चिप १० लाखांच्या वर जात नाही, तिथे सीएच३४० घ्या. पाय ३ वर कॉन्फिग फाइलमध्ये एनेबल-यूएआरटी एक केलेलं नसेल तर काहीच दिसणार नाही. मिनीकॉममध्ये (लॅपटॉपवर सिरीयल बघायचा प्रोग्राम) दिसतं पण टाइप होत नाही? हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा, तो आपोआप चालू असतो.

आणि बीगलबोनवर नुसती सी सी सी सी अशी रांग आली तर घाबरू नका, रॉम जिवंत आहे, त्याला कुठेच लोडर सापडला नाही म्हणून तो सिरीयलवरून मागतोय.

चूक दुसरी: पॉवरवर विश्वास ठेवणं

यावर मी रागाने बोलतो असं मित्र म्हणतात, बोलणारच. दोन दिवस घालवलेत मी यात.

भोसरीत एका युनिटमध्ये पाय ३ चा गेटवे बसवलेला, मशीनवरचे मीटर वाचायचे आणि फोर-जी डोंगलवरून डेटा पाठवायचा. माझ्या टेबलावर आठवडाभर एकदाही बंद पडला नाही. पॅनेलमध्ये बसवला की चालू होतो, अर्धवट बूट होतो, परत पहिल्यापासून. गुरुवारी त्यांना सुट्टी म्हणून मी गुरुवारी गेलो. पहिला दिवस कर्नल बदलण्यात, डोंगलचा ड्रायव्हर बदलण्यात, सर्व्हिस एकेक बंद करण्यात गेला. कार्ड बदललं, पाय बदलला. दुसऱ्या दिवशी पाच-सहा बूटचे लॉग शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा दिसलं की प्रत्येक वेळी तुटायची जागा वेगळी आहे. एकदा यूएसबीपाशी, एकदा नेटवर्कपाशी, एकदा तर लॉगिन आल्यावर.

हे लिहून ठेवा. दर वेळी त्याच ओळीवर अडकत असेल तर सॉफ्टवेअरकडे बघा. दर वेळी वेगळ्या ओळीवर तुटत असेल तर आधी पॉवर, मग रॅम, मग कार्ड.

अ‍ॅडॉप्टर चांगलाच होता, ५.१ व्होल्ट अडीच अँपिअर. पण पॅनेलमध्ये वायरिंग करणाऱ्याने पोचत नाही म्हणून दुसरी मोबाईलची केबल लावली होती, एक मीटरची बारीक. आतली वायर २८ गेज (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक). आता हिशोब करा, २८ गेज तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम, जायची आणि यायची मिळून ०.४२. डोंगल नेटवर्क शोधताना बोर्डाचा करंट १.२ अँपिअरला गेला की केबलमध्येच अर्धा व्होल्ट पडतो, बोर्डाला मिळतात ४.६. आणि पाय ४.६३ च्या खाली गेला की अंडरव्होल्टेज म्हणतो. कनेक्टरचा रोध तर मी धरलेलाच नाही. २० गेजची वायर टाकली, त्या दिवसापासून तक्रार नाही.

म्हणून माझी सवय: मल्टिमीटर अ‍ॅडॉप्टरच्या टोकाला कधीच लावायचा नाही, बोर्डावरच्या ५ व्होल्टच्या पिनवर लावायचा आणि तोसुद्धा डोंगल, कॅमेरा, काय असेल ते सगळं चालू असताना. मीटर सरासरी दाखवतो, क्षणभराचा खड्डा त्याला दिसत नाही, ऑसिलोस्कोप असेल तर तो लावा. पायवर व्हीसीजेनसीएमडी कमांडचा गेट-थ्रॉटल्ड चालवा, शून्य आलं तर ठीक, ५०००० किंवा ५०००५ (व्होल्टेज पडल्याची खूण) आलं तर मला फोन करू नका, केबल बदला. पाय ४ ला ३ अँपिअरचा आणि पाय ५ ला ५ अँपिअरचा सप्लाय सांगितलाय तो उगाच नाही. "मोबाईल चार्ज होतो की याने" हे वाक्य मी ऐकून घेणार नाही, मोबाईलमध्ये बॅटरी असते, व्होल्टेज पडलं तर ती सांभाळते, तुमच्या बोर्डात काय आहे?

पाय ४ च्या २०१९ च्या सुरुवातीच्या बोर्डांची अजून एक गंमत नाही पण अडचण आहे, टाइप-सीच्या रोधाची चूक होती, त्यामुळे लॅपटॉपच्या भारी केबलवर ते चालूच होत नाहीत. तिथे उलट साधी टाइप-सी केबल लावायची, फक्त बारीक नको.

कर्नल पॅनिक आला की आकडे वाचा

पॅनिकमध्ये, म्हणजे कर्नल हात टेकून थांबतो तेव्हा, रूट माउंट झालं नाही असं लिहून पुढे अननोन-ब्लॉक आणि दोन आकडे येतात. ०,० असेल तर कर्नलला ते डिव्हाइस सापडलंच नाही: नाव चुकलं, ड्रायव्हर नाही, किंवा कार्ड जागं व्हायच्या आधीच शोधलं, त्यासाठी कर्नलच्या बूट ओळीत रूटवेट टाका. १७९,२ असेल तर कार्ड सापडलं, दुसरं पार्टिशनही सापडलं, आतली फाइलसिस्टिम वाचता आली नाही. दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे. आणि त्याच्या थोडं वरच कर्नल त्याला दिसलेल्या पार्टिशनची यादी छापतो. यादी रिकामी म्हणजे ड्रायव्हर बघा, यादीत तुमचं पार्टिशन वेगळ्या नावाने दिसतंय म्हणजे नंबर बदललाय. कर्नल बदलल्यावर कार्ड आणि ईएमएमसीचे नंबर उलटे होणं नेहमीचं आहे, म्हणून मी रूट नेहमी पार्ट-यूयूआयडीने (पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक) देतो. नुसती यूयूआयडी (फाइलसिस्टिमची ओळख) देऊ नका, ती इनिटरॅमएफएस (रूटच्या आधी मेमरीत चालणारी छोटी फाइलसिस्टिम) असल्याशिवाय कर्नलला कळत नाही.

इनिट चालवता आलं नाही आणि एरर उणे ८ असेल तर दुसऱ्या आर्किटेक्चरची फाइल टाकलीय. उणे २ असेल आणि फाइल तर तिथे दिसतेय, तर तिला लागणारा डायनॅमिक लिंकर (लायब्ररी जोडून देणारा प्रोग्राम) नाहीये.

"स्टार्टिंग कर्नल" नंतर एकदम शांतता असेल तर कर्नल मेला असं धरून चालू नका. बऱ्याचदा तो नीट चाललेला असतो, फक्त कन्सोलचं (कर्नल ज्या सिरीयल पोर्टवर छापतो त्याचं) नाव चुकलेलं असतं, बीगलबोनवर जुन्या कर्नलला टीटीवाय-ओ-झिरो होतं आणि नव्याला टीटीवाय-एस-झिरो. बूट ओळीत अर्लीकॉन लावून बघा, म्हणजे कर्नल सुरुवातीपासूनच छापायला लागतो. मग डिव्हाइस ट्री बरोबर बोर्डाचीच आहे का ते बघा.

बाकीच्या, पटापट

डीडी (कार्डावर इमेज लिहिणारी कमांड) संपलं की लगेच कार्ड ओढू नका, सिंक कमांड द्या आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा, तेवढा वेळ सगळ्यांकडे असतो.

स्वस्तातलं १२८ जीबीचं कार्ड घेतलं असेल तर एफ-थ्री या प्रोग्रामने तपासा, खोट्या क्षमतेची कार्डं सर्रास मिळतात.

पायची सीएमडीलाइन फाइल (कर्नलची बूट ओळ) एकाच ओळीत असली पाहिजे, मध्ये एंटर मारलात तर त्यापुढचं वाया गेलं.

पायवर हिरवा दिवा ४ वेळा लुकलुकला तर स्टार्ट फाइल सापडली नाही, ७ वेळा तर कर्नल सापडला नाही. मोजा, फुकट आहे. पाय ४ पासून पहिला बूटलोडर बोर्डावरच्या ईईप्रॉममध्ये असतो, त्यामुळे पाय ३ साठी लिहिलेले उपाय तिथे डोळे झाकून करू नका.

यू-बूटने बॅड सीआरसी, डिफॉल्ट एन्व्हायर्न्मेंट असं म्हटलं तर नव्या बोर्डावर ते साहजिक आहे, पण कालपर्यंत चालणाऱ्या बोर्डावर आलं तर तुमच्या सेटिंग गेल्यात, प्रिंटएन्व्ह करून बूटआर्ग्ज (कर्नलला दिली जाणारी बूट ओळ) बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, कार्ड आणि कर्नल एकदम बदलून "झालं एकदाचं" म्हणणाऱ्याला मी पुढच्या वेळी मदत करायला कचरतो.

आणि मला लॉग पाठवायचा असेल तर फोटो नको. पुटी किंवा मिनीकॉममध्ये लॉग फाइलमध्ये सेव्ह करायला लावा, त्यानंतर बोर्डाला पॉवर द्या, म्हणजे पहिली ओळसुद्धा येईल. असे तीन बूट सलग घ्या, एकाच फाइलमध्ये चालतील. सोबत बोर्डाचं पूर्ण नाव, सप्लाय किती अँपिअरचा, केबल किती लांब, आणि शेवटचं चाललं होतं तेव्हापासून काय काय बदललंय ते सगळं लिहा, क्षुल्लक वाटलं तरी लिहा. गुरुवारी आमच्याकडे लाइट गेली तर संध्याकाळी बघतो.